प्रयोगशाळेत पहिले, औषधाच्या दुकानात शेवटचे : इन्सुलिन, कुत्रे आणि मांजरे

१/ टोरंटो विद्यापीठाच्या वैद्यक इमारतीच्या छपरावर काढलेले एक छायाचित्र जगभरच्या पुस्तकांत छापले गेले आहे. त्यात तिघे आहेत : फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला एक कुत्रा. माणसांची नावे छायाचित्राखाली ठळक असतात. कुत्रा नेमका कोणता, यावर मात्र एकमत नाही. ज्या प्राण्याच्या शरीरावर इन्सुलिन सिद्ध झाले, त्याच प्राण्यासाठी म्हणून अधिकृतपणे मान्य झालेले इन्सुलिन अमेरिकेत मिळायला ८० हून अधिक वर्षे जावी लागली. हा धागा त्या विलंबाचा.

२/ आधी आजाराविषयी थोडे. मधुमेह हा केवळ माणसाचा रोग नाही. कुत्र्यांत आणि मांजरांत तो साधारणपणे शंभर ते पाचशेत एकाला होतो, असे मानले जाते. लक्षणेही ओळखीचीच : सतत तहान, वारंवार लघवी, भरपूर खाऊनही घटत जाणारे वजन. स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन कमी पडले, किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही; ती मूत्रावाटे वाहून जाते. उपचार न झाल्यास शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साचते आणि प्राणी दगावतो.

३/ मूत्रातली साखर भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. 'मधुमेह' हे नावच तिची साक्ष देते, आणि रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षणही जुनेच आहे. ठाऊक नव्हते ते या साखरेचे मूळ. ते शोधण्याची वाट एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांच्या पिंजऱ्यांतून गेली.

४/ १८८६ मध्ये योझेफ फॉन मेरिंग या जर्मन वैद्याने कुत्र्यांना फ्लोरिझिन दिले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून मिळणारे हे कडू द्रव्य १८३५ मध्येच वेगळे काढले गेले होते. ते पोटात जाताच कुत्र्यांच्या मूत्रात साखर उतरू लागली. हा खरा मधुमेह नव्हता. मूत्रपिंडच साखर बाहेर टाकत होते. फ्लोरिझिन हे नाव लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

५/ तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांना एक वेगळाच प्रश्न पडला होता : स्वादुपिंडावाचून प्राणी स्निग्ध पदार्थ पचवू शकेल काय? मिंकोव्स्कीने एका कुत्र्याचे स्वादुपिंड संपूर्ण काढले. बाहेर जाण्याची सवय लावलेला तो कुत्रा आता वारंवार जमिनीवरच लघवी करू लागला. मिंकोव्स्कीने मूत्र तपासले तेव्हा त्यात साखर निघाली. पचनाचा प्रश्न बाजूला राहिला आणि मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे, हे सिद्ध झाले.

६/ स्वादुपिंडातल्या पेशींच्या लहान लहान बेटांचे वर्णन पाउल लँगरहॅन्सने १८६९ मध्येच केले होते. साखरेवर ताबा ठेवणारे द्रव्य याच बेटांतून पाझरत असावे, असा तर्क आता दृढ झाला. ते द्रव्य हाती लागण्यापूर्वीच त्याला लॅटिनमधल्या 'बेट' या शब्दावरून 'इन्सुलिन' असे नावही मिळाले. बर्लिनचे गेऑर्ग झ्युल्झर आणि बुखारेस्टचे निकोलाय पाउलेस्कू यांनी त्याचा अर्क काढण्याचे गंभीर प्रयत्न केले. पाउलेस्कूंनी कुत्र्यांवरील आपले निष्कर्ष १९२१ मध्ये प्रसिद्धही केले होते. टोरंटोची कथा सांगताना ही नावे वगळली, तर इतिहास अपुरा राहतो.

७/ ऑक्टोबर १९२० च्या अखेरच्या रात्री कॅनडातील लंडन या गावी बँटिंग या तरुण शल्यवैद्याने एक टिपण लिहिले. स्वादुपिंडाची नलिका बांधून टाकावी, पाचकरस निर्माण करणाऱ्या पेशी झिजू द्याव्यात आणि उरलेल्या बेटांचा अर्क काढावा, अशी त्याची कल्पना होती. टिपणात 'डायबेटिस' या शब्दाचे स्पेलिंगही चुकले होते. टोरंटोचे प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लाउड यांनी काहीशा साशंकतेनेच त्याला खोली, कुत्रे आणि बेस्ट हा विद्यार्थी-साहाय्यक दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले.

८/ पहिले आठवडे विदारक होते. उन्हाळ्याच्या कोंदट खोलीत कुत्रे एकामागून एक दगावले. कोणी शस्त्रक्रियेत, कोणी रक्तस्रावाने, कोणी जंतुसंसर्गाने. मिळालेले कुत्रे संपले, तेव्हा बँटिंग आणि बेस्ट यांनी रस्त्यावरच्या लोकांकडून एक ते तीन डॉलरला, फारशी चौकशी न करता, कुत्रे विकत घेतल्याची नोंद इतिहासकार मायकेल ब्लिस यांनी केली आहे. त्यांतले काही कोणाच्या तरी घरचे असतील, ही शक्यता नाकारता येत नाही.

९/ ३० जुलै १९२१. प्रयोगवहीत 'कुत्रा ४१०' असे नाव असलेल्या, स्वादुपिंड काढलेल्या पांढऱ्या टेरियरला अर्क टोचण्यात आला. त्याची रक्तशर्करा तासाभरात ०.२० टक्क्यांवरून ०.१२ टक्क्यांवर आली. आजच्या भाषेत सांगायचे तर २०० वरून १२०. कुत्रा फार काळ जगला नाही, पण वहीतला तो उतरता आकडा जगला.

१०/ ऑगस्टमध्ये दोन कुत्र्यांची तुलना झाली. दोघांचेही स्वादुपिंड काढले होते. ४०९ ला अर्क दिला नाही. तो काही दिवसांत मेला. ९२ क्रमांकाची पिवळसर कोली अर्कावर टिकली, हिंडूफिरू लागली, ओळख दाखवू लागली. महिनाअखेरीस तीही गेली. रुग्णांचे मृत्यू कोरड्या डोळ्यांनी पाहिलेल्या बँटिंगला त्या दिवशी मात्र अश्रू आवरले नाहीत, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले.

११/ लोकप्रिय लेखनात 'मार्जोरी' हीच इन्सुलिनवर जगलेली पहिली कुत्री असल्याचे वाचायला मिळते. ते बरोबर नाही. मार्जोरी म्हणजे कुत्रा क्रमांक ३३, आणि तिच्यावरची शस्त्रक्रिया १८ नोव्हेंबर १९२१ ची. तिचे महत्त्व वेगळे आहे. रोजच्या अर्कावर ती सुमारे ७० दिवस जगली. हे द्रव्य साखर क्षणभर उतरवते एवढेच नव्हे, तर त्यावर आयुष्यही लांबवता येते, अशी आशा तिच्यामुळे निर्माण झाली. २७ जानेवारी १९२२ ला प्रयोगाच्या सांगतेसाठी तिला मारण्यात आले.

१२/ मार्जोरी जिवंत असतानाच, ११ जानेवारी १९२२ ला, लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला अर्क टोचला गेला. त्याचे वजन उरले होते जेमतेम २९ किलो. अशुद्ध अर्काने गळू झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी तो अर्क अहोरात्र खपून शुद्ध केला. २३ जानेवारीपासून नवा अर्क सुरू झाला आणि लेनर्ड सावरला. तो आणखी १३ वर्षे जगला.

१३/ येथे आणखी एक प्राणी कथेत येतो. औषधाची मात्रा मोजायची कशी? कॉलिप सशांना अर्क टोचून पाहत. साखर फार उतरली की सशाला आकडी येई. त्यावरून मोजमाप ठरले : २४ तास उपाशी ठेवलेल्या सुमारे २ किलो वजनाच्या सशाची रक्तशर्करा आकडी येण्याच्या पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे एक युनिट. पुढे व्याख्या बदलत गेली. तरी आजही कुपीवर जे 'युनिट' छापले जाते, त्याचा पूर्वज एक ससा आहे.

१४/ बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. एकाने आपली रक्कम बेस्टबरोबर, तर दुसऱ्याने कॉलिपबरोबर वाटून घेतली. उत्पादनासाठी विद्यापीठाने इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीशी करार केला. आता कुत्र्यांची गरज उरली नाही. स्वादुपिंडे कत्तलखान्यांतून येऊ लागली, गाईबैलांची आणि डुकरांची. २ टनांहून अधिक अवयवांतून जेमतेम ८ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, शुद्ध इन्सुलिन निघे.

१५/ प्राण्यांवरील प्रयोगांच्या समर्थकांनी इन्सुलिनचे उदाहरण दशकानुदशके पुढे केले, आणि लेनर्डसारखी मुले पाहता त्या युक्तिवादाला वजन होतेच. पण मधुमेह झालेल्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न त्या वादात क्वचितच येई. पशुवैद्यकाच्या कपाटात जे इन्सुलिन होते, ते माणसांसाठीच बनवलेले. १९३६ चे प्रोटामिन झिंक इन्सुलिन, १९४६ चे एनपीएच, पन्नाशीच्या दशकातले लेंटे : प्रत्येक नवे रूप माणसाच्या दिनक्रमासाठी घडवले गेले. पशुवैद्यक त्यातून निवड करीत आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मात्रा उतरवीत.

१६/ हे उसने औषध कुत्र्यांना मानवले, याचे कारण रसायनशास्त्राने उलगडले. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगरने १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनमधील सर्व ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावला आणि १९५८ चे नोबेल मिळवले. मग एकेका प्राण्याचे इन्सुलिन पडताळले जाऊ लागले. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे निघाले. कुत्र्याचे आणि डुकराचे मात्र तंतोतंत एकच निघाले.

१७/ मांजराची सोयरीक गाईशी जुळली. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने, तर माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चार अमिनो आम्लांनी वेगळे आहे. याचा व्यवहारात अर्थ असा की कुत्र्याला गाईचे इन्सुलिन दिले, तर त्याचे शरीर ते परके मानून प्रतिपिंडे तयार करू शकते. डुकराचे दिले तर तो धोका फार कमी. म्हणजे कत्तलखान्यांतून निघणारी दोन्ही इन्सुलिने योगायोगाने या दोन पाळीव प्राण्यांना अनुरूप होती.

१८/ आणि नेमकी तीच बाजारातून जाऊ लागली. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यात यश आले. १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. माणसांसाठी ही मोठीच प्रगती होती : पुरवठा अखंड, शुद्धता अधिक, कत्तलखान्यावरचे अवलंबन संपलेले. त्यातच ब्रिटनमध्ये गाईंतल्या 'मॅड काऊ' रोगाने गोवंशीय उत्पादनांविषयी भीती निर्माण झाली. अमेरिकेत माणसांसाठीच्या गोवंशीय इन्सुलिनचे उत्पादन १९९८ मध्ये, तर डुकराच्या इन्सुलिनचे २००६ च्या सुमारास थांबले.

१९/ यात कोणाचा दुष्टावा नव्हता. कंपन्या माणसांसाठी औषध करीत होत्या, आणि माणसांना अधिक चांगले औषध मिळाले होते. पण उसन्या औषधावर जगणाऱ्यांचा विचार करणे हे कोणाचेच काम नव्हते. चांगल्या लागू पडलेल्या औषधाचे उत्पादन थांबले, की प्राण्याला दुसऱ्या इन्सुलिनवर न्यावे लागे. मात्रा पुन्हा शून्यापासून ठरवावी लागे आणि त्या काळात साखर वर-खाली होत राही.

२०/ अमेरिकेत केवळ कुत्र्यांसाठी मान्य झालेले पहिले इन्सुलिन २००४ मध्ये आले : व्हेटसुलिन. ते डुकराचे लेंटे इन्सुलिन होते, म्हणजे कुत्र्याचे स्वतःचेच. युरोपात ते 'कॅनइन्सुलिन' या नावाने त्याआधीपासून वापरात होते. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच्या घडणीत स्थिरता राहत नसल्याचा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने दिला आणि ते काही वर्षे मिळेनासे झाले. २०१३ मध्ये परतले. मांजरांसाठीचे गाय-डुक्कर मिश्र इन्सुलिनही २००८ च्या आसपास बंद पडले होते. त्याची जागा २००९ मध्ये मान्य झालेल्या प्रोझिंकने घेतली. तेही मानवी इन्सुलिनवर आधारलेले.

२१/ मांजराची कथा थोडी निराळी. कुत्र्यात बहुधा इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात; मांजराचा मधुमेह माणसाच्या 'टाइप २' शी मिळताजुळता असतो. १९८७ मध्ये स्वीडनचे पेर वेस्टरमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांत साचणाऱ्या अमायलॉइडचे मूळ प्रथिन ओळखले. त्यासाठी मानवी अर्बुदाइतकाच मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडाचाही उपयोग झाला. माणसाच्या टाइप २ मधुमेहाविषयीच्या एका मूलभूत शोधात मांजराचा असा वाटा आहे.

२२/ या वेळी परतफेड तुलनेने लवकर झाली. माणसांसाठी २००० मध्ये आलेले दीर्घकाळ टिकणारे ग्लार्जिन इन्सुलिन ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात मांजरांवर अभ्यासले गेले. निदानानंतर लवकर सुरुवात, कमी कर्बोदकांचा आहार आणि काटेकोर देखरेख असेल, तर अनेक मांजरांचे इन्सुलिन काही महिन्यांत थांबवता येते, असे दिसून आले. कुत्र्यांच्या बाबतीत असे क्वचितच घडते. अपवाद मुख्यतः कुत्रीचा : माजानंतरच्या काळातील संप्रेरकांमुळे झालेला मधुमेह वेळीच गर्भाशय-अंडाशय काढल्यास ओसरू शकतो.

२३/ बाकी बहुतेक कुत्र्यांना आयुष्यभर दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने, जेवणाच्या वेळी इन्सुलिन टोचावे लागते. तरीही निदानानंतर वर्ष-दीड वर्षात बहुसंख्य कुत्र्यांना मोतीबिंदू होतो. मांजराची अडचण वेगळी : दवाखान्याच्या भीतीनेच त्याची साखर चढते. म्हणून मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करतात, किंवा घरीच साखर मोजतात. माणसांसाठी बनवलेले दंडावरचे सेन्सर आता केस भादरलेल्या मानेवर वा पाठीवर दिसतात. उसनवारी संपलेली नाही.

२४/ एक तपशील महाराष्ट्रातल्या घरांसाठी विशेष महत्त्वाचा. इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या असतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे किंवा १००. पाश्चात्त्य देशांत माणसांसाठी यू-४० जवळजवळ इतिहासजमा झाले; तिथे ते मुख्यतः प्राण्यांच्या औषधात उरले. भारतात मात्र माणसांच्या कुप्या आजही मोठ्या प्रमाणात यू-४० च असतात, आणि पेनमधली इन्सुलिने यू-१०० असतात. त्यामुळे एकाच औषधाच्या दुकानात दोन्ही मापांच्या सिरिंजा मिळतात.

२५/ गफलत झाली तर? यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजेत १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर आत २५ युनिटे जातात, अडीचपट. पाच किलोच्या मांजराला एवढी मात्रा जीवघेणी ठरू शकते. उलट गफलतीत १० ऐवजी केवळ ४ युनिटे जातात आणि आजार वाढतो. म्हणून कुपीवरचा आणि सिरिंजेवरचा आकडा जुळवून पाहणे हे पहिले काम. प्राणी अडखळू लागला, थरथरू लागला किंवा त्याला आकडी आली, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळून तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. टोरंटोतल्या सशांना येणारी आकडी हीच.

२६/ आता फ्लोरिझिनकडे. मूत्रपिंडाकरवी साखर बाहेर टाकायला लावण्याची मेरिंगची ती युक्ती शंभराहून अधिक वर्षांनी औषध बनली. फ्लोरिझिनच्या रचनेवरून घडवलेल्या गोळ्या माणसांच्या मधुमेहात वापरात आल्या. त्याच कुळातल्या बेक्साग्लिफ्लोझिनला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी मान्यता मिळाली, आणि माणसांसाठी जानेवारी २०२३ मध्ये. सुमारे सहा आठवड्यांच्या फरकाने का होईना, या रांगेत मांजर माणसाच्या पुढे उभे राहिले.

२७/ त्या गोळीला मर्यादा आहेत. आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती चालत नाही, रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि कुत्र्यांसाठी ती नाहीच. १८८६ मध्ये ज्याच्या शरीरावर हे तत्त्व प्रथम दिसले, त्याला आजही सुईवाचून पर्याय नाही.

२८/ या इतिहासाला एका सोप्या न्यायनिवाड्यात बसवता येत नाही. त्या कुत्र्यांवाचून लेनर्ड वाचला नसता, आणि आज मधुमेहासह जगणारी कोट्यवधी माणसेही नाहीत. कुत्र्यांनी तो सौदा स्वखुशीने केलेला नव्हता, हेही तितकेच खरे. मार्जोरी रोजच्या सुईवर ७० दिवस जगली. आज नीट सांभाळ झालेला मधुमेही कुत्रा त्याच द्रव्यावर वर्षानुवर्षे जगू शकतो. सकाळ-संध्याकाळ सुई टोचणारे कोणीतरी घरात असले, आणि औषधाचा खर्च त्या घराला झेपला, तर.